मधल्या फळीतल्या पोरांच्या मिनिटांचा हिशेब

टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात स्पेन ब्राझीलकडून हरला, तेव्हा पेद्री अठरा वर्षांचा होता आणि त्या एका हंगामात त्याचे ७३ सामने खेळून झाले होते. त्यातले ५२ बार्सिलोनासाठी, बाकीचे स्पेनच्या वरिष्ठ, अंडर-२१ आणि ऑलिंपिक अशा तीन संघांसाठी. तो अंतिम सामना झाला ७ ऑगस्ट २०२१ ला. १५ ऑगस्टला ला लिगा सुरू झाली आणि पहिल्याच लढतीत, रेआल सोसिएदादविरुद्ध, तो पुन्हा बार्सिलोनाच्या मधल्या फळीत उभा होता. सुट्टी मिळाली ती त्यानंतर. सप्टेंबरमध्ये मांडीच्या स्नायूने दगा दिला. जानेवारीत तो परतला आणि एप्रिलमध्ये हॅमस्ट्रिंग फाटलं. त्या अख्ख्या हंगामात बार्सिलोनासाठी तो २२ सामन्यांपलीकडे जाऊ शकला नाही.

तरुण मिडफिल्डरने पदार्पण कधी करावं, मोठ्या क्लबात कधी जावं, लोनवर जावं की घरच्या क्लबात बेंचवर बसून शिकावं, आठवड्याला किती खेळावं, यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत भरपूर चर्चा झाली आहे. दर वेळी ती एखाद्या पोराच्या दुखापतीपाशी किंवा त्याच्या किमतीपाशी येऊन थांबते. मला वाटतं, हे सगळे प्रश्न शेवटी एका प्रश्नाशी येतात. या मुलाच्या मिनिटांची बेरीज कोण करतो? क्लब आपली मिनिटं मोजतो, राष्ट्रीय संघ आपली, वयोगटाचा संघ आपली. सगळी मिनिटं मात्र एकाच शरीरातून जातात.

आधी हे काम नेमकं काय असतं ते पाहू. विंगरच्या एका अंगाला टचलाइन असते, त्यामुळे त्याच्यावर येणारा बचावपटू ठरावीक दिशेनेच येतो. स्ट्रायकरला गोल कुठे आहे हे न बघताही ठाऊक असतं. मधल्या फळीतल्या खेळाडूवर मात्र चारही बाजूंनी माणूस चालून येतो आणि चेंडू बहुतेक वेळा पाठ गोलाकडे असताना मिळतो. म्हणून चांगला मिडफिल्डर पास मिळण्याआधीच मान फिरवून दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून घेतो. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्देत यांनी याच सवयीचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. पास येण्यापूर्वी जो जास्त वेळा आजूबाजूला पाहतो, त्याचा पुढचा पास पुढे जाण्याची शक्यता वाढते, असं त्यांच्या निरीक्षणांत पुन्हा पुन्हा दिसलं. ही सवय सरावात लावता येते. पण समोर पोटासाठी खेळणारी मोठी माणसं असली की पाहायला मिळणारा वेळ निम्म्यावर येतो, आणि त्या वेळात निर्णय घ्यायला फक्त सामनाच शिकवतो. त्यावर शरीराचा भार वेगळा. मिडफिल्डर एका सामन्यात साधारण दहा ते बारा किलोमीटर धावतो, आणि ही धाव सरळ रेषेतली नसते. ती थांबण्याची, वळण्याची, पुन्हा सुटण्याची असते. डोकं तयार व्हायला मिनिटं हवीत आणि स्नायू टिकायला विश्रांती हवी. या जागेवरच्या पोराची सारी ओढाताण इथे आहे.

पेद्रीची सुरुवात पाहिली की ही ओढाताण स्पष्ट कळते. तेनेरिफे बेटावरच्या तेगेस्ते या छोट्या गावात २५ नोव्हेंबर २००२ ला त्याचा जन्म झाला. घर बार्सिलोनाच्या चाहत्यांचं, आजोबांनी गावात बार्साच्या चाहत्यांचा क्लब उभा केलेला, वडील स्थानिक पातळीवरचे गोलरक्षक. रेआल माद्रिदच्या ट्रायलमधून त्याला परत पाठवलं. २०१८ मध्ये लास पाल्मासने त्याला घेतलं आणि पेपे मेल या प्रशिक्षकांनी पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, सोळा वर्षांच्या या पोराला दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये थेट उतरवलं. पंधरवड्यात बार्सिलोनाने त्याचा करार करून टाकला. ठरलेली मूळ रक्कम होती ५० लाख युरो, आणि जाणं पुढच्या उन्हाळ्यात. या मधल्या वर्षाचं महत्त्व फार आहे. त्या हंगामात तो लास पाल्मासमध्येच राहिला आणि लीगमधले बहुतेक सगळे सामने खेळला. स्पेनची दुसरी श्रेणी ही तगड्या, अनुभवी, पाय न सोडणाऱ्या बचावपटूंची लीग. तिथे एक अख्खा हंगाम काढून आलेला मुलगा बार्सिलोनात पहिल्या दिवसापासून घाबरला नाही, याचं आश्चर्य वाटायला नको.

२०२१ च्या युरो स्पर्धेतला वेम्बलीवरचा उपांत्य सामना पुन्हा पाहण्याजोगा आहे. समोर इटली, मधल्या फळीत जोर्जिनियो आणि वेराती. पेद्री १२० मिनिटं खेळला आणि त्याने दिलेल्या ६६ पासपैकी ६५ बरोबर माणसापाशी पोहोचले. आकडा मोठा आहेच, पण पाहावी ती त्याची उभं राहण्याची जागा. इटलीचे दोन खेळाडू एकमेकांपासून दहा-बारा पावलांवर असले की हा बरोबर त्यांच्या मधल्या फटीत, अंग अर्धं वळवून उभा. चेंडू आला की पहिल्या स्पर्शातच तोंड पुढे. कुठेही घाई नाही. पेनल्टीवर स्पेन हरलं, पण स्पर्धेतला सर्वोत्तम तरुण खेळाडू तोच ठरला. पुढे त्याच वर्षी गोल्डन बॉय आणि कोपा ट्रॉफी हे दोन्ही पुरस्कार त्याच्याकडे आले.

आणि याच दिवसांत बेरीज हातातून निसटली. युरोत जवळपास प्रत्येक मिनिट खेळलेल्या मुलाला लगेच ऑलिंपिकला नेणं बार्सिलोनाचे प्रशिक्षक रोनाल्ड कूमन यांना पटलं नव्हतं आणि ते त्यांनी उघड बोलून दाखवलं. पुरुषांचा ऑलिंपिक फुटबॉल फिफाच्या अधिकृत वेळापत्रकात बसत नाही, त्यामुळे एरवी क्लब नकार देऊ शकतात. स्पेनमध्ये मात्र राष्ट्रीय संघाने बोलावलं की खेळाडू सोडणं देशाच्या क्रीडा कायद्यानेच बंधनकारक. महासंघाला पदक हवं होतं, मुलाला देशासाठी खेळायचं होतं. पण कूमन यांचाही हात पूर्ण स्वच्छ नव्हता. त्यांनीच त्याला वर्षभर विश्रांतीशिवाय खेळवलं होतं, कारण क्लब आर्थिक संकटात होता, नवे खेळाडू घ्यायला पैसा नव्हता आणि हा मुलगा खेळला की संघ नीट चालायचा. प्रत्येकाचं कारण रास्त होतं. प्रत्येकाने आपापल्या वाट्याचीच मिनिटं मोजली.

पेद्रीला पुढची तीन वर्षं याची किंमत मोजावी लागली. फेब्रुवारी २०२३, ऑगस्ट २०२३, मार्च २०२४ असे स्नायूच्या दुखापतीचे टप्पे येत राहिले. युरो २०२४ मध्ये जर्मनीविरुद्ध टोनी क्रूसच्या टॅकलने गुडघा गेला, ती गोष्ट वेगळी, ती नशिबाची. हान्सी फ्लिक बार्सिलोनात आले, त्यांच्यासोबत शारीरिक तयारीची सगळी पद्धत बदलली आणि २०२४-२५ मध्ये पेद्री पन्नासहून जास्त सामने खेळला. संघाने लीग आणि कोपा देल रे दोन्ही जिंकले. हा तोच मुलगा आणि तेच पाय. तेव्हा ‘याचं शरीरच नाजूक’ म्हणून त्याला मोडीत काढणाऱ्यांनी आपला निष्कर्ष पुन्हा तपासायला हवा.

पेद्रीला सावरायला वेळ मिळाला. जॅक विल्शरला तो मिळाला नाही. १ जानेवारी १९९२ चा जन्म, सप्टेंबर २००८ मध्ये सोळाव्या वर्षी आर्सेनलकडून लीगमध्ये पदार्पण, मग २०१० च्या सुरुवातीला बोल्टनकडे अर्ध्या हंगामाचा लोन. तिथे चिखलात, धक्काबुक्कीत तो चांगला मुरला. २०१०-११ मध्ये आर्सेनलसाठी ४९ सामने. त्यातला एक फेब्रुवारी २०११ मधला, बार्सिलोनाविरुद्धचा. शावी, इनिएस्ता, बुस्केट्स समोर असताना एकोणीस वर्षांच्या या मुलाने मधली फळी ज्या हिमतीने धरली, ती त्या रात्री पाहिलेला कुणी विसरला नसेल. त्याच उन्हाळ्यात घोटा दुखावला, हाडाला ताणाची चीर निघाली आणि पुढचा सगळा हंगाम तो एकही सामना खेळला नाही. नंतर तो परतत राहिला, पुन्हा पडत राहिला आणि जुलै २०२२ मध्ये तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. तीस हे मिडफिल्डरच्या ऐन बहराचं वय. लुका मॉद्रिचला बॅलन डी’ओर मिळाला तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. विल्शरची एकच ४९ सामन्यांची मालिका त्याला संपवून गेली असं मी म्हणणार नाही, घोट्याची दुखापत कुणालाही होऊ शकते. पण वाढीच्या वयातल्या हाडांवर सलग भार आला की ताणाच्या चिरा पडतात, हे क्रीडावैद्यकात फार पूर्वीपासून माहीत असलेलं सत्य आहे.

जुड बेलिंगहॅमचं उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरलं जातं. बर्मिंगहॅम सिटीकडून १६ वर्षं ३८ दिवसांचा असताना पदार्पण, पहिल्याच हंगामात लीगचे ४१ सामने, २०२० मध्ये डॉर्टमुंड, २०२३ मध्ये १० कोटी युरोंहून अधिक रकमेला रेआल माद्रिद. एकविसाव्या वाढदिवसापर्यंत त्याचे क्लब आणि देश मिळून अडीचशेच्या आसपास सामने झाले होते. त्याच वयात डेव्हिड बेकहॅम साठच्याही आत होता. खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो ही तुलना पुढे करते आणि हंगामांच्या मध्ये किमान २८ दिवसांची सलग सुट्टी मागते. बेलिंगहॅम टिकला, चॅम्पियन्स लीग जिंकला, हे खरं. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये निखळलेल्या खांद्याला पट्टा बांधून तो दीड वर्षाहून जास्त खेळला आणि शस्त्रक्रियेला वेळ मिळाला तो जुलै २०२५ मध्ये, नव्या ३२ संघांच्या क्लब वर्ल्ड कपनंतर. त्याच्या वाटेतली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट मैदानाबाहेरची आहे. सतराव्या वर्षी तो जर्मनीला गेला तेव्हा त्याची आई सोबत राहायला गेली आणि वडील धाकट्या भावासाठी इंग्लंडमध्ये थांबले. परक्या देशात, परक्या भाषेत सामना हरून घरी आलेल्या मुलाला जेवायला वाढणारं माणूस घरचं असलं की बऱ्याच गोष्टी निभावून जातात. क्लबांच्या योजनांत ही बाजू अजूनही फार मागे आहे.

या प्रश्नाचा एक धडा आपल्या मातीवरही मिळाला. २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप भारतात झाला. इंग्लंडने मडगावच्या फातोर्ड्यावर उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेला ४-१ असं हरवलं आणि स्पेनने नवी मुंबईत उपांत्य फेरीत मालीला. कोलकात्याच्या अंतिम सामन्यात इंग्लंड ५-२ ने जिंकलं. त्या सामन्यात इंग्लंडच्या फिल फोडनने दोन गोल केले आणि स्पेनच्या सेर्हिओ गोमेझनेही दोन. फोडनला गोल्डन बॉल, गोमेझला सिल्व्हर बॉल. सतरा वर्षांचे दोन डावखुरे, जवळजवळ सारख्या गुणांचे.

फोडन मँचेस्टर सिटीतच राहिला. पेप ग्वार्डिओला यांनी त्याला लोनवर पाठवायला नकार दिला. पहिल्या दोन-तीन वर्षांत तो फार कमी खेळला. इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांत ‘पोराला वाया घालवताय’ अशी टीका होत राहिली. सिटीचा अनुभवी मिडफिल्डर दाविद सिल्वा याच्याबरोबर रोज सराव करणं हीच त्याची शाळा होती. २०२३-२४ मध्ये, चोविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तो इंग्लंडमधला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. गोमेझ मात्र काही महिन्यांतच बार्सिलोना सोडून डॉर्टमुंडला गेला. तिथे खेळायला मिळालं नाही. मग वेस्का, मग अँडरलेक्ट. बेल्जियममध्ये व्हिन्सेंट कोंपनी यांनी त्याला डावा बचावपटू केलं. पुढे तो सिटीत, मग रेआल सोसिएदादमध्ये गेला. त्याची कारकीर्द वाया गेली असं कुणी म्हणू नये. वरच्या दर्जाच्या लीगमध्ये तो चांगला खेळतो आहे. पण कोलकात्यात पाहिलेला मिडफिल्डर पुन्हा दिसला नाही. मिडफिल्डर म्हणून घडायला जी मिनिटं हवी होती, ती योग्य वयात त्याला कुठेच मिळाली नाहीत.

मग बेंच बरा की लोन? मार्टिन ओडेगार्ड दोन्ही करून बसला आहे. पंधराव्या वर्षी नॉर्वेच्या वरिष्ठ संघात, सोळाव्या वर्षी रेआल माद्रिदमध्ये, पहिल्या टीमसाठी पहिला सामना क्रिस्तियानो रोनाल्डोच्या जागी बदली म्हणून. त्यानंतर दोन वर्षं तिसऱ्या श्रेणीतल्या राखीव संघात त्याच्याकडून सगळ्यांची निराशा झाली. त्याला घडवलं ते नेदरलँड्समधल्या हिरेनवेन आणि व्हितेस या क्लबांनी, आणि त्यानंतर रेआल सोसिएदादने. तिथे तो दर आठवड्याला खेळला, चुकला, पुढच्या आठवड्याला पुन्हा खेळला. आज तो आर्सेनलचा कर्णधार आहे. मॉद्रिचचंही तेच. लहान चणीचा म्हणून हाय्दुक स्प्लितने नाकारलेला हा मुलगा दिनामो झाग्रेबने १८ व्या वर्षी बोस्नियातल्या झ्रिन्स्की मोस्तारकडे लोनवर पाठवला. खडबडीत मैदानं, दांडगे बचावपटू, आणि तरी तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मला विचाराल तर सोळा ते एकोणीस या वयातल्या बहुतेक मिडफिल्डरांसाठी मधल्या दर्जाच्या लीगमधला एक सलग हंगाम हा मोठ्या क्लबच्या बेंचपेक्षा कितीतरी चांगला. फोडन हा अपवाद, आणि त्याच्याशेजारी सराव करायला दाविद सिल्वा होता.

‘लहान चणीचा’ या शब्दांपाशी जरा थांबायला हवं. वयोगटाच्या निवडीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं फार मोठ्या संख्येने निवडली जातात, हे देशोदेशींच्या अभ्यासांत दिसलं आहे. तेराव्या वर्षी दहा महिन्यांचा फरकही उंचीत आणि जोरात डोळ्यांत भरतो. पेद्री नोव्हेंबरचा, मॉद्रिच सप्टेंबरचा. दोघांनाही आधी नकार मिळाला. मधल्या फळीत तर ही चूक फार महाग पडते, कारण ज्याला ताकदीने जिंकता येत नाही तो मुलगा आधीपासून डोकं वापरायला शिकलेला असतो. असे किती मिडफिल्डर तेराव्या वर्षी घरी गेले असतील!

आता आपल्याकडे येऊ. भारतातल्या तरुण मिडफिल्डरचा प्रश्न युरोपच्या अगदी उलटा आहे. तिथे मिनिटं फार, इथे मिनिटंच नाहीत. २०१७ च्या वर्ल्ड कपमध्ये कोलंबियाविरुद्ध भारताचा पहिला गोल करणारा जिक्सन सिंग मणिपूरचा, मिडफिल्डर. त्या संघातल्या बहुतेकांना पुढे भारतीय फुटबॉल महासंघाने ‘इंडियन अॅरोज’ या नावाने आय-लीगमध्ये उतरवलं. वयाने मोठ्या संघांशी अख्खा हंगाम, निकालाची फिकीर न करता. पहिला विजय मिळाला गोव्यात बांबोळीच्या मैदानावर, चेन्नई सिटीविरुद्ध, आणि त्यात कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे दोन गोल होते. संघ तक्त्यात शेवटचा आला. तरी जिक्सन, सुरेश सिंग वांगजाम ही मुलं पुढे इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) नियमित खेळली आणि भारतीय संघात आली. २०२२ मध्ये महासंघाने अॅरोज बंद केला. माझ्या दृष्टीने गेल्या दशकातला आपला हा सर्वांत चुकीचा निर्णय. युवा लीग त्याची जागा घेईल असं सांगितलं गेलं, पण समवयस्कांशी खेळलेले काही आठवडे आणि मोठ्या माणसांशी खेळलेला हंगाम यांत किती अंतर असतं हे मोस्तारच्या मॉद्रिचला विचारावं.

मिनिटं मिळाली तर काय होतं, हे मिझोरमच्या लालेंगमाविया राल्टेने, म्हणजे अपुइयाने दाखवलं. २०२०-२१ चा आयएसएल करोनामुळे सगळाच्या सगळा गोव्यात झाला. त्या हंगामात नॉर्थईस्ट युनायटेडने वीस वर्षांच्या अपुइयाला कर्णधार केलं. हंगामाच्या मध्यात संघाची सूत्रं मुंबईत खेळून-शिकवून मोठे झालेल्या खालिद जमील यांच्याकडे आली, संघ उपांत्य फेरीत गेला आणि अपुइया लीगचा उदयोन्मुख खेळाडू ठरला. तो चेंडू घ्यायला बचावपटूंच्या मध्ये खाली यायचा, मान दोन्हीकडे फिरायची, आणि परदेशी मिडफिल्डर त्याच्याकडे चेंडू द्यायला कचरत नसत. विश्वास टाकला म्हणजे मैदानावर काय दिसतं, ते तिथे दिसलं.

पण असे क्लब थोडे. प्रशिक्षकाची नोकरी तीन पराभवांवर टांगलेली असली की मधल्या फळीची चावी तो परदेशी खेळाडूकडेच देतो, आणि भारतीय मुलगा कडेला किंवा बाकावर जातो. त्यातच २०२५-२६ चा आयएसएल हंगाम महासंघ आणि लीगचे आयोजक यांच्यातल्या कराराच्या घोळात ठरल्या वेळी सुरूच झाला नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मिडफिल्डरचे ते महिने परत येत नाहीत. तिशीतला खेळाडू एक हंगाम गमावून पुन्हा जुन्या खेळावर येतो. विशीतला जे शिकणारच होता, ते शिकायचं राहून जातं.

युरोपात खेळाडू संघटना सामन्यांवर वरची मर्यादा मागत आहेत, आणि त्यांचं ते बरोबर आहे. आपल्याकडे आधी खालची मर्यादा मागायला हवी. प्रत्येक आयएसएल क्लबने २१ वर्षांखालच्या भारतीय मिडफिल्डरांना हंगामात किती मिनिटं दिली, त्यात राष्ट्रीय आणि वयोगटाच्या संघांची मिनिटं धरून, याचा तक्ता महासंघाने दर महिन्याला जाहीर करावा. सामन्यांच्या नोंदी आधीच ठेवल्या जातात, बेरीज तेवढी करायची आहे. मग एखादा मुलगा अठराशे मिनिटांवर असेल तर त्याला पुढच्या वयोगटाच्या शिबिरातून सोडता येईल, आणि एखादा नव्वद मिनिटांवर अडकला असेल तर जानेवारीच्या ट्रान्सफर खिडकीत त्याला लोनवर कुठे पाठवायचं, हे क्लबला विचारता येईल.